परका प्रेक्षक आणि नाटकाचा शेवट



आम्ही कामगार चळवळीतले माणूस. शाळा लवकर सुटली; पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत. नाटकाचे गुणदोष तज्ज्ञांनी सांगावेत. पण घाम कोणाचा, पैसा कोणाचा आणि टाळी कोणाची, एवढे आम्हांला कळते. त्या दृष्टीने आज एका नाटककाराची हकीगत सांगावयाची आहे.

डायॉन बुसिको हा डब्लिनचा. १८४१ साली लंडनमध्ये त्याचे नाव झाले आणि १८५३ साली तो अमेरिकेत गेला. प्रयोग कितीही झाले तरी नाटककाराच्या हाती बहुधा एकच ठोक रक्कम पडे, असा तो काळ. बुसिकोने प्रयोगाच्या उत्पन्नात वाटा मागितला. अमेरिकेत १८५६ साली नाटककाराला प्रयोगाचा हक्क देणारा कायदा झाला. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत तो होता. आमच्या भाषेत ही मजुरीचीच मागणी.

१८५७ साली अमेरिकेत बँका बुडाल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या गरिबांवरचे एक फ्रेंच नाटक घेऊन त्याने 'न्यूयॉर्कचे गरीब' रंगभूमीवर आणले. एक सावकार ठेवीदाराची रक्कम गिळतो आणि त्या ठेवीदाराचे कुटुंब रस्त्यावर येते, ही कथा. त्यात गरीब म्हणून नुसता हमाल नाही. काळा कोट घालून अब्रू सांभाळणारा कारकूनही आहे. १८६४ साली तेच नाटक 'लिव्हरपूलचे गरीब' झाले, आणि त्याच वर्षी लंडनसाठी 'लंडनचे रस्ते'. लोक याला धंदेवाईकपणा म्हणतात. तो होताच. पण गावाचे नाव बदलले आणि नाटक तिथेही चालले, याचा अर्थ काय? बुडालेली ठेव सगळ्या गावांत सारखीच रडविते.

आता दुसरी गोष्ट पाहा. ६ डिसेंबर १८५९ रोजी न्यूयॉर्कला त्याचे 'ऑक्टोरून' लागले. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनला फाशी देऊन चारच दिवस झाले होते. नायिका झोई ही लुइझियानातील मळेवाल्याची, गुलाम आईच्या पोटी झालेली मुलगी. मळा कर्जात बुडतो, तिचा लिलाव होतो. प्रियकर आहे, पण कायदा लग्न होऊ देत नाही. ती विष घेते.

१८६१ साली हेच नाटक लंडनच्या अडेल्फीत लागले. तेथील प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही. बुसिकोने आधी आपल्या शेवटाची बाजू मांडली. अखेर तिकीटबारीपुढे मान तुकविली. लंडनची झोई जगली.

लंडनचा प्रेक्षक निष्ठुर होता, असे आम्ही म्हणणार नाही. दया आली म्हणूनच त्याने तिला वाचवावयास लावले. त्याच्या देशात असल्या लग्नाला बंदी नव्हती. हे दुःख त्याला परके वाटले. पण कापूस परका नव्हता! लँकशायरच्या गिरण्यांत येणारा बहुतेक कापूस त्याच मळ्यांतला, झोईसारख्यांच्या हातचा. ती रंगमंचावर मरते तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावरचा सदराही साक्षीला उभा राहतो. ती वाचली, की तिला मारणारा कायदा सुटतो आणि सदराही सुटतो.

बुसिको काही क्रांतिकारक नव्हता. त्याला गल्ला हवा होता, आणि पोट असलेल्या माणसाला त्याबद्दल आम्ही बोल लावणार नाही. म्हणूनच जबाबदारी उरते ती प्रेक्षकाची. गावाचे नाव बदलून मागा. आपल्याकडे देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, त्याने दुःख जवळ आले. पण रात्री निवांत झोप लागावी म्हणून शेवट बदलून मागू नका. परक्या देशातील माणसाचे दुःख पाहताना त्याच्या श्रमाचा कोणता जिन्नस आपल्या घरात आहे, हे एकदा शोधावे. तो सापडला, की ते नाटक परके राहत नाही.