आधी जागा, मग रंग



ॲक्शन फिगर घरी रंगवून नवं रूप देणाऱ्या मंडळींशी आज बोलायचं आहे. प्रायमर का लावायचा, ब्रश कसा धुवायचा, हे तुम्हाला सांगायला नको. माझा विषय एकच आहे, सांध्यावरचा रंग. रात्री जागून फिगर रंगवायची, सकाळी हौसेने गुडघा वाकवायचा, आणि मांडीच्या कडेला खालचं प्लास्टिक उघडं पडलेलं बघायचं. मग शोध सुरू होतो. कोणता रंग टिकतो? कोणतं वॉर्निश कडक? अहो, रंगाला का दोष देता? त्याला तुम्ही जागाच ठेवलेली नाही.

हिशेब करा. कारखान्यात सांधा घट्ट बसेल अशाच मापाचा ओततात. त्यावर तुम्ही प्रायमर, रंग, वॉर्निश असे तीन थर देता, आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना देता. म्हणजे सहा थर झाले. ते जाणार कुठे? एकमेकांना खरवडणारच. म्हणून आधी घासा, मग रंगवा.

घरातलं जुनं लाकडी दार आठवा. दर दिवाळीला त्यावर ऑइलपेंटचा हात फिरतो. काही वर्षांनी, पावसाळ्यात लाकूड फुगलं की, ते चौकटीत अडकतं. खांदा लावून ढकलावं लागतं आणि कडेचे पोपडे निघतात. तेव्हा नवा रंग देऊन भागत नाही, सुतार लागतो. जाणता सुतार चौकटीला खडू फासतो, दार एकदा लावून उघडतो, आणि जिथे खडू उमटला तिथेच रंधा मारतो. आपणही तेच करायचं. सांध्याच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिल घासा, चार-पाच वेळा वाकवा आणि उघडून बघा. जिथली पेन्सिल पुसली गेली, तिथेच घासायचं. 400 नंबरचा पॉलिश पेपर, नंतर 600, आणि दोन्ही पाण्यात भिजवून, म्हणजे प्लास्टिकची भुकटी नाकात जाणार नाही. रंधा जास्त झाला तर दार वाऱ्याने खडखडतं, तसा फार घासलेला सांधाही लुळा पडतो. थोडं घासा, बसवून बघा, पुन्हा थोडं घासा. रंगाआधी सांधा किंचित सैल वाटला पाहिजे, पुढे रंगच ती फट भरून काढतो. आणि शहाणा माणूस बिजागरीची खीळ रंगवत नाही. तुमच्या सांध्यातली पिनही कोरीच ठेवा. पुष्कळ फिगरमध्ये ती ॲसिटल नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकची असते आणि तिला रंग नीट धरतच नाही.

आता पावणेचार इंची जी. आय. जो घ्या. हॅस्ब्रोने 1982 साली आणलेली ही घडण. आपल्याकडे फनस्कूलने ती बनवली, त्यांचा कारखाना गोव्यात आहे. फनस्कूलची रंगसंगती मूळ अमेरिकी फिगरपेक्षा बऱ्याचदा इतकी वेगळी निघाली की परदेशातले संग्राहकही त्या शोधतात. म्हणून एक विनंती, जुनी आणि धड असलेली फनस्कूल रंगवू नका, तुटकी घ्या. तिच्या पाठीचा स्क्रू काढला की सगळी फिगर सुटी होते. आत एक रबरी कडी असते. तिच्या ताणाने दोन्ही मांड्यांचे गोल माथे कंबरेच्या तुकड्यावर सतत दाबलेले राहतात, म्हणून रंग तिथे आधी उडतो. ते माथे घासा आणि कंबरेची आतली बाजू तशीच सोडा. कोपराला रिव्हेट असतो, तो उघडत नाही. तिथे पॉलिश पेपरची बारीक पट्टी फटीत सरकवून हलकेच मागेपुढे ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण हेच काम टाळलं जातं आणि मग रंगाच्या नावाने बोटं मोडली जातात.

सहा इंची फिगरला सहसा स्क्रू नसतो. ती गरम पाण्यात धरून मऊ करावी लागते आणि मग सांधा ओढून सोडवायचा. थंड असताना ओढलात तर खुंटी तुटेल.

घासून झालं की साबणाने धुवा आणि वाळवा. मगच रंग, आणि तोही पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन विरळ हात बरे. मऊ पीव्हीसीवर थेट स्प्रेचा डबा मारू नका, काही स्प्रे त्यावर महिनोन्‌महिने चिकटच राहतात. आणि वाळलेला रंग म्हणजे पक्का झालेला रंग नव्हे. हाताला कोरडा लागला तरी सांधा काही दिवस हलवू नका. इथे मुलांचा धीर सुटतो, मोठ्यांचाही सुटतो.

याहून सोपी एक वाट आहे. सांध्याचा भाग मुळात हव्या त्या रंगाच्या प्लास्टिकचाच निवडायचा, दुसऱ्या फिगरचा हात किंवा पाय घेऊन. मग तिथे रंगच नको. प्लास्टिकला उकळत्या पाण्यात डाय चढवण्याची रीतही आहे, पण तिच्यात प्लास्टिकचा प्रकार ओळखावा लागतो, म्हणून ते आज राहू द्या. पेन्सिल तेवढी विसरू नका. आधी पेन्सिल, मग पॉलिश पेपर, मग रंग.