डब्याचा हिशोब

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला विषय दिला, ‘नोकरदारांचा स्वस्त आणि पौष्टिक डबा’. मी काही आहारतज्ज्ञ नव्हे. बँकेत ३६ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे शहाड ते व्ही.टी. डबा सांभाळला, एवढाच माझा अधिकार.

मुंबईत डबा म्हटला की लोक डबेवाल्यांचं कौतुक सांगतात, आणि ते रास्तच आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली. झाकणावरच्या खुणा पाहून डबा बरोबर टेबलावर येतो. पण त्यात एक सोय असते. साहेब आधी निघतात, डबा मागून निघतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या दादरच्या सहकाऱ्याचा डबा घरून साडेनऊनंतर हलायचा. माझा सात वाजता भरलेला असायचा आणि उघडायचा दीडला. साडेसहा तास! त्यात कल्याणपासूनची चेंगराचेंगरी. त्यामुळे आपल्या शहाडच्या डब्याचे नियम थोडे वेगळे आहेत.

पहिला म्हणजे गरम अन्न भरून लगेच झाकण लावायचं नाही. वाफेचं पाणी होतं, पोळ्या ओल्या होतात, भाजी आंबते. पंधरा मिनिटं निवू द्या, पोळ्या सुती फडक्यात ठेवा. रस्सा नको, सुकी उसळ बरी. मे महिन्यात ओलं खोबरं टाळा, त्याऐवजी दाण्याचं कूट घाला. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, पण भाजणीचं थालीपीठ मऊ राहतं. काकडी अख्खी न्या, तिथे चिरा.

आता पौष्टिक म्हणजे काय? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की धान्य तीन भाग असेल तर डाळ-कडधान्य एक भाग असावं. आपल्या डब्यात चार पोळ्या आणि कोपऱ्यात बटाट्याची भाजी असते, तिथेच हिशोब चुकतो. मोड आलेली मटकी, मूग, चवळी, हरभरे यातलं काहीतरी रोज पाहिजे. सोबत लिंबाची फोड द्या. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. उलट जेवल्या जेवल्या चहा घेतला की ते कमी मिळतं. आम्ही बँकेत नेमकं तेच करायचो. लोणचं-पापडाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. (कॅम्पातला दाल-पकवान मलाही आवडतो, पण तो रविवारी.)

पैशाचं बोलल्याशिवाय बँकवाल्याचं भाषण संपत नाही. मागच्या महिन्यात मी घरी हिशोब लिहिला. एका डब्याला पीठ ४ रुपये, मटकी ५, भाजी १०, तेल-मसाला ४, गॅस ३, काकडी-लिंबू ४. झाले ३० रुपये. मुलाच्या ऑफिसजवळ साधी थाळी १४० ला आहे. म्हणजे दिवसाला ११० वाचले. महिन्याचे २२ दिवस धरले तर २,४२०. मुलगा आणि सूनबाई दोघांचे मिळून ४,८४०, वर्षाला ५८,०८०.

मी हा कागद मोठ्या ऐटीत आमच्या सौ.ना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, “अहो, पाच वाजता उठणारीचं यात काहीच धरलं नाहीत?”

मी गप्प बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले आणि घरातली एवढी मोठी नोंद मला कधी दिसली नाही. पहाटे पाण्याची वेळ, कणीक, फोडणी, पोळ्या आणि सातच्या ठोक्याला डबा. असं कितीतरी वर्षं चाललं. वर संध्याकाळी मी येऊन सांगायचो, “आज मीठ जास्त होतं.” आता सूनबाईही नोकरी करतात. मग पाचला उठायचं कोणी? “बाहेरच खाऊ” असं तरुण मंडळी म्हणतात, त्याचं अर्धं कारण इथे आहे, जिभेत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे पाळ्या लावल्या. मटकी मी रविवारी सकाळी भिजत घालतो, रात्री फडक्यात बांधतो, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. भाजी निवडून-चिरून रात्रीच ठेवायची, कणीकही मळून ठेवायची. मुलगा मंगळवार-शुक्रवार पोळ्या करतो. नकाशे होतात, पण पोटात गेल्यावर सगळे गोलच. सकाळचं काम पाऊण तासावर आलं. महिन्याभरात दोनदा डबा राहिला, तेही सांगतो. दोन्ही वेळा पाळी माझी होती.

मध्यंतरी आमच्या सौ. बहिणीकडे नाशिकला निघाल्या. मी त्यांना थालीपीठ आणि मटकीची उसळ बांधून दिली. लग्नाला ४६ वर्षं झाली, दुसऱ्याने भरलेला डबा त्यांनी पहिल्यांदाच उघडला. रात्री फोन आला. म्हणाल्या, “मीठ कमी होतं. पण संपवली.”

ज्यांच्याकडे मटकीला मोड नीट येत नाहीत त्यांनी रविवारी संध्याकाळी आमच्या घरी यावं, मी दाखवतो. पुरुष मंडळींनी आधी नंबर लावावा, जागा कमी आहे.