वातरक्त : ठणका थांबला म्हणजे रोग गेला काय ?

मध्यरात्रीं पायाच्या अंगठ्याचा सांधा एकाएकीं ठणकूं लागतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाहीं. हेंच वातरक्त, अर्थात् गाऊट. आठपंधरा दिवसांत ठणका ओसरतो आणि रोगी निश्चिंत होतो. खरा धोका येथेंच आहे.

सन १८४८ मध्यें लंडनच्या डॉक्टर गॅरॉड यांनीं अशा रोग्यांच्या रक्तांत यूरिक आम्ल अधिक असल्याचें दाखविलें. १०० मिलिलिटर रक्तद्रवांत तें सुमारें ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलें, कीं त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत सांचूं शकतात. वेदना नसतांनाही ते सांध्याची हानि करितात. मूत्रपिंडांत खडेही होऊं शकतात.

म्हणून श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें : ठणका थांबल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्यानें रक्त तपासावें, आम्ल ६ च्या खालीं राखावें, आणि चालू औषध आपल्या मनानें सोडूं नये.