रोज थोडे, पण रोजच!



गिरणीच्या रिंग खात्यात आम्ही नवे होतो, तेव्हा तुटलेला धागा सांधताना हात थरथरायचे. जॉबरची बोलणी खायचो. पण रोज सांधत राहिलो. पुढे नजर दुसऱ्या चातीवर असली तरी बोटं आपोआप धागा जोडायची.

वाचनाचंही तसंच. शाळा अर्धवट सुटलेली. पाळी करून आल्यावर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं एक पान वाचल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, असा नेम केला. पहिल्या पानाला तास लागला. आज आपल्यापुढे उभे आहोत ते त्या एका पानामुळे.

बाबासाहेबांनी उतारवयात, आजारपण सोसून पाली शब्दकोश रचला. १९९८ साली शासनाने तो त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. आणि आमची मुलं 'जमत नाही' म्हणून वही मिटतात!

चांगलं ते अंगी रुजवण्याचा सततचा प्रयत्न म्हणजे सम्यक व्यायाम. १४ एप्रिलला एक दिवस जोर करून विद्या येत नाही. म्हणून विनंती, संध्याकाळची वंदना झाली की विहाराचा दिवा अर्धा तास चालू ठेवा. मुलांसोबत आपणही पुस्तक घेऊन बसा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनीही बसावं. शिकायला लाज कसली?

नमो बुद्धाय! जयभीम!