निशाणी आणि पुरावा



गेल्या सहामाहीत बारावीच्या एका मुलीने मला वर्गाबाहेर थांबवून विचारले, "सर, डोळा हळूहळू आपोआप घडत गेला असे पुस्तकात आहे. मग अल्लाह आहे हे आपण कशावरून म्हणायचे?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. आजचे चार शब्द म्हणजे तेच राहिलेले उत्तर होय.

घड्याळ आहे त्याअर्थी घड्याळजी असलाच पाहिजे, असे आपण घरोघरी मुलांना सांगतो. विल्यम पेली या इंग्रज पाद्र्याने 1802 साली हाच दाखला आपल्या ग्रंथात मांडला. डोळा हे त्याचे आवडते उदाहरण. पुढे 1859 साली डार्विनने दाखविले की, प्राण्यांत लहानलहान फरक पडतात, त्यांतले जगायला उपयोगी पडणारे फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, साठत जातात आणि त्यातून गुंतागुंतीची इंद्रियेही घडू शकतात. नुसता उजेड-अंधार ओळखणाऱ्या डोळ्यापासून आपल्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या आजही जिवंत प्राण्यांत पाहावयास मिळतात. शिवाय आपल्या डोळ्यातील मज्जातंतू दृष्टिपटलाच्या समोरून जातात आणि त्यालाच छेदून मागे निघतात, म्हणून तेथे अंध बिंदू राहतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तो नाही. घड्याळाचा दाखला देणाऱ्याला याचाही जबाब द्यावा लागेल!

मग आपण हरलो काय? मला तसे वाटत नाही. पैगंबरसाहेबांचा (स.) लहानगा पुत्र इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, बाळाच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. केवढा पुरावा आयता हाती आला होता! पैगंबरसाहेबांनी तो घेतला नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्ममृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी पुत्रशोकातही लोकांना बजावले. ग्रहणाचे कारण खगोलशास्त्राने समजावले म्हणून ती निशाणी पुसली गेली नाही. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी तर स्पष्ट लिहिले की, ग्रहणाचे सिद्ध झालेले गणित धर्माच्या नावाने नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो.

इब्न रुश्दसारखे थोर विचारवंत सृष्टीतील योजनेला पुरावाच मानत, हे येथे सांगितले पाहिजे. माझे मत निराळे आहे. ज्याच्या मनात श्रद्धा आहे त्याला पानाफुलांतही निशाणी दिसते. ज्याच्या मनात ती नाही त्याला तेच पान दाखवून आपण गप्प करू शकत नाही. विज्ञानाला अजून न सुटलेल्या कोड्यावर ईमान उभे केले, तर कोडे सुटेल त्या दिवशी मुलांनी काय करावे?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, जीवशास्त्राच्या पुस्तकातील ती पाने मुलांपासून झाकू नका. आणि ती मुलगी आज येथे बसली असेल तर तिला सांगतो: बेटी, परीक्षेत डार्विनवर प्रश्न आला तर उत्तर पूर्ण लिही. नमाजची वेळ झाली की नमाज पढ. आणखी काही विचारायचे असेल तर शिक्षकांच्या खोलीत ये, या वेळी मी थोडे वाचून ठेवले आहे.