बुडालेल्या रोजीचा हिशेब

(ब्रह्मपुरी येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन, श्रोत्यांचे प्रतिसाद कंसात.)



पत्रिकेत माझा विषय ‘खेळ आणि चारित्र्य’ असा छापला आहे. विषय संयोजकांनी दिला, मी तो आनंदाने स्वीकारला आणि आता बाजूला ठेवतो. (हशा) मला खेळ आणि रोजी यांवर बोलायचे आहे. चारित्र्यावर बोलणारे वक्ते परवा येणारच आहेत. (हशा)

कबड्डीचा इतिहास मी उगाळणार नाही. हुतूतू, बडोद्याचे नियम, बुवा साळवी, सगळे तुम्हाला ठाऊक आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी खेळून दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी, म्हणजे विदर्भाने, एवढे मात्र बजावतो. कारण पुण्या-मुंबईकडे हे सांगायला विसरतात. प्रो कबड्डीही तुम्हाला ठाऊकच आहे, घरोघरी टीव्हीवर पाहिली आहे. २०१४च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. वीसपट! खेळाडूचे मोल झाले, मला आनंद आहे.

आता टीव्ही बंद करा आणि आपल्या गावच्या मैदानावर या. धान कापून झाले, चुरणी झाली, की पत्रके निघतात: भव्य खुले कबड्डी सामने, प्रथम पुरस्कार अमुक, द्वितीय तमुक, प्रवेश शुल्क इतके, पंचांचा निर्णय अंतिम. पुरस्कारदात्यांची नावे एवढ्या ठळक अक्षरांत असतात की सामने त्यांच्यातच आहेत की काय असे वाटावे. (हशा) खेळाडूंबद्दल काय लिहिलेले असते? ‘खेळाडूस इजा झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही.’ (हशा) हसलात. पण त्या पत्रकात खेळाडूचा उल्लेख येतो तो तेवढ्याच ओळीत.

तो खेळाडू कोण असतो? राइस मिलमध्ये पोती उचलणारा असतो, ट्रॅक्टर चालवणारा असतो, पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा असतो. दोन दिवस सामने म्हणजे दोन दिवसांची रोजी पडली. म्हणून ऐन मोसमात चमू अर्धवट होतात. जानेवारी लागला की आपल्या भागातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. गावाचा उत्तम उजवा कोपरा खम्ममकडे मिरचीच्या वावरात, आणि त्याच्या जागी उभा केलेला असतो ग्रामपंचायतीचा शिपाई. (हशा) शिपायाबद्दल मला आदर आहे. पण घोटा धरायला आदर पुरत नाही.

मग चमू काय करतो? चांगला चढाईपटू बाहेरून आणतो. त्याला देतो ते ‘डिझेलचे पैसे’. (मागच्या रांगेत हशा) मागचे लोक हसले म्हणजे अनुभवी आहेत! मोटरसायकलला लागते पेट्रोल, मंडळी. डिझेलचे पैसे घेणारा कोणत्या ट्रकवर येतो ते मला माहीत नाही. (मोठा हशा) सगळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट चोरून करायची आणि व्यासपीठावर माईक हातात घेऊन ‘खेळ पैशासाठी नसतो’ म्हणायचे, याचा मला राग येतो.

या रागाला जुना शेजार आहे. रग्बीचे दोन पंथ आहेत. एकात पंधरा गडी, दुसऱ्यात तेरा. हा तेराचा पंथ, रग्बी लीग, जन्माला आला तोच रोजीच्या भांडणातून. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशर आणि लँकशरमध्ये, खाणीत आणि गिरणीत राबणारे लोक रग्बी खेळत. शनिवारीही काम असे. बाहेरगावी सामना असला की त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. लंडनचे साहेब लोक म्हणत, खेळ हौसेचा आहे, पैसा कशाला? त्यांना म्हणायला काय जाते, त्यांची मजुरी बुडतच नव्हती! १८९३ साली यॉर्कशरच्या लोकांनी ठराव आणला: पगार मागत नाही, बुडालेल्या वेळेची भरपाई द्या. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. १८९८ मध्ये त्यांनी खेळाडूला उघड पैसे द्यायलाही मान्यता दिली, पण अट घातली की त्याला दुसरा खरा कामधंदा असला पाहिजे. अर्धा खेळाडू, अर्धा कामगार, आणि दोन्हींचा हिशेब उघडा.

भरपाई द्यायची तर तिकीट विकले गेले पाहिजे, म्हणून त्यांनी खेळ सुटसुटीत केला. १९०६ साली पंधराचे तेरा गडी केले. आणि ज्या जुन्या पंथाने यांना वाळीत टाकले, त्याने स्वतः पैसे द्यायला परवानगी कधी दिली? १९९५च्या ऑगस्टमध्ये. शंभर वर्षे लागली साहेबांना!

वेल्स हा छोटा देश. तिथल्या खोऱ्यांत कोळसा आणि लोखंड. बल्लारपूर-माजरीच्या माणसाला ओळखीचे वाटेल असे जग. १९०७ मध्ये मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल हे तिथले क्लब या नव्या पंथात आले. १ जानेवारी १९०८ला ॲबरडेअर इथे वेल्सने न्यूझीलंडला ९-८ने हरवले. या पंथाचा दोन देशांच्या संघांमधला तो पहिला सामना. त्याच वर्षी वेल्सची स्वतःची लीग सुरू झाली. पण इंग्लंडच्या क्लबांशी खेळायला वारंवार उत्तरेला जायचे म्हणजे रेल्वेभाडे केवढे! एकेक क्लब गळाला. १९१२पर्यंत एबू व्हेलही गेला. मग काय झाले? खेळाडू उत्तरेला जाऊ लागले. जिम सलिव्हन हा कार्डिफचा पोरगा १९२१ मध्ये सतराव्या वर्षी विगनला गेला आणि १९४६पर्यंत तिथेच खेळला. आपल्या गावात रोजी सुटत नाही म्हटल्यावर माणूस रोजी असेल तिथे जातो. मिरचीला काय, विगनला काय. आजही वेल्समध्ये नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू आहेत. अर्धव्यावसायिक खेळ म्हणजे हे.

तुम्ही म्हणाल, हे वेल्समध्ये चालते. आपल्या झाडीपट्टीत कोण चालवणार? (‘बरोबर!’ असा आवाज) बरोबर म्हणणाऱ्यांनी जरा वैनगंगेच्या पुलापलीकडे वडशाला जाऊन यावे. नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे रांगेने आहेत. दिवाळीच्या आधीपासून गावोगावची मंडळे तारखा घ्यायला जातात. ॲडव्हान्स देतात. ठेका लिहिला जातो. नायिकेची नाइट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, वेगळी, विनोदी नटाची वेगळी, ऑर्गनवाल्याची, तबलजीची, पडदे ओढणाऱ्याची वेगळी. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गाव तिकिटे विकते, पाहुणे येतात, जमलेच तर दोन सोयरिकी ठरतात आणि हिशेब पहाटेच चुकता होतो.

आणि कोणी म्हणतो का, की पैसे घेतल्याने झाडीपट्टीची कला बाटली? २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ‘नाइट घेत होते का हो?’ असे कोणी विचारले नाही. उलट अख्ख्या झाडीपट्टीने फटाके फोडले. कलावंताची नाइट ही त्याची इज्जत आहे. ठरलेली नाइट नाही मिळाली तर तो मेकअप पुसून व्हॅनमध्ये बसतो, आणि गाव त्याच्या नाही, मंडळाच्या नावाने बोटे मोडते. मी तर म्हणतो की अर्धव्यावसायिक धंदा कसा चालवावा हे हडर्सफील्डने वडशाकडून शिकावे. बाहेरचा कलाकार आणायचा तर किती दिवस आधी कळवावे, पाऊस आला तर पैसे कोणाचे बुडाले, एका रात्री दोन गावांनी तीच तारीख मागितली तर कोणाची धरावी, या सगळ्यांची वहिवाट ठरलेली आहे. पुन्हा नाटकात खलनायक म्हणून मार खाणाऱ्याला पैसे मिळतात. आणि कबड्डीत जो खरा मार खातो…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी)

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बरोबर आहे, शेजारच्या गावात आज नाटक आहे आणि अर्ध्या सभागृहाच्या खिशात तिकीट आहे. (मोठा हशा, टाळ्या) माझे व्याख्यान फुकट, त्याचे तिकीट. कोणाला महत्त्व द्यायचे ते तुम्ही ठरवलेच आहे.

(एक श्रोता: ‘सर, पैसा आला की सट्टा येईल. गावात भांडणे होतील.’)

सट्टा आज नाही का? (शांतता) आपण एकमेकांना ओळखतो, काका. सट्टा प्रेक्षकाच्या पैशावर चालतो, त्यासाठी खेळाडूला पैसे मिळावे लागत नाहीत. उलट ज्याला हरूनही उघड रोजी मिळते, त्याला पाडायला सट्टेवाल्याला जास्त मोजावे लागेल. आणि मी मानधन म्हणतच नाही. मी बक्षीसही म्हणत नाही. मी बुडालेली रोजी म्हणतो. कृपया माझ्या तोंडी प्रो कबड्डी घालू नका. (कुजबुज) नाही, मी रागावलो नाही. काका, बसा.

हिशेब सांगतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एका चमूत मैदानावर सात आणि राखीव पाच, असे बारा. बारा गुणिले ३१२ म्हणजे ३,७४४ रुपये. सोळा चमू आले तर पहिल्या दिवसाचे ५९,९०४. बाद पद्धतीत निम्मे चमू पहिल्याच दिवशी घरी गेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी आठ चमूंचे २९,९५२. दोन दिवसांचे मिळून ८९,८५६ रुपये. एका नाटकाचा ठेका किती असतो ते मी सांगत नाही, तुम्हाला तोंडपाठ आहे. (हशा)

पैसा कुठून आणायचा? पहिल्या बक्षिसाची रक्कम निम्मी करा. ढाल एवढी मोठी कशाला, की ती ठेवायला विजेत्याच्या घरात जागा नसावी? (हशा) सत्काराच्या शाली कमी करा. आजचीही एक कमी चालेल. (हशा, टाळ्या) तिकीट लावा. नाटकाला लावता तसेच. आणि वेल्सची चूक करू नका, चमू लांबून बोलावू नका. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरी, कुरखेडा. सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल एवढ्याच परिघात लीग खेळवा. जाण्यायेण्याच्या खर्चात रोजी खाऊ नका.

(एक विद्यार्थिनी: ‘मुलींच्या चमूचे काय?’)

चांगले विचारले. रोजगार हमीत बाई आणि पुरुष यांचा दर एकच आहे. महिलांचे मैदान बारा बाय आठ मीटरचे, पुरुषांचे तेरा बाय दहाचे. मैदान लहान म्हणून रोजी लहान होत नाही! (विद्यार्थिनींच्या रांगेतून टाळ्या)

दुखापतीबद्दल बोलायचे होते. गुडघा गेला की रोवणीत वाकता येत नाही, म्हणजे दोन दिवसांची नव्हे, अख्ख्या पावसाळ्याची रोजी जाते. त्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल; संयोजकांनी पुढच्या वर्षी बोलावले तर. त्यांच्या चेहऱ्यावरून शक्यता कमी दिसते. (हशा) सध्या एवढेच, की स्पर्धेच्या खर्चात पहिला खर्च खेळाडूंच्या अपघात विम्याचा धरा. मंडपाचा नंतर.

दुसरी चिठ्ठी आली. यात नुसते उद्गारचिन्ह आहे. (हशा)

या सभागृहात निदान तीन-चार मंडळांचे पदाधिकारी बसले आहेत. तुमची जानेवारीची पत्रके अजून छापायला गेलेली नाहीत. ‘मंडळ जबाबदार राहणार नाही’ ही ओळ काढा आणि तिच्या जागी छापा: ‘प्रत्येक खेळाडूस हजेरीच्या दिवसाची रोजी रोख मिळेल.’ हे यंदा एका तरी मंडळाने करावे. त्या मंडळाच्या पेटीत पहिले ३,७४४ रुपये मी आत्ता, इथेच भरतो. कोणाकडे भरायचे तेवढे सांगा.