जिताडा आणि गळ



दादरच्या मासळीबाजारात जिताड्याची किंमत विचारणारे पुष्कळ. त्याचे चरित्र विचारणारा विरळा. हा मासा खाऱ्या पाण्यात जन्मतो, भरतीबरोबर खाडीत शिरतो आणि गोड्या पाण्यातही सुखाने वाढतो. म्हणूनच पेण-अलिबागच्या खारेपाटात त्याची पिल्ले तळ्यांत सोडण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील पट्टेदार बास माशाचा क्रम उलटा : जन्म नदीत, वाढ समुद्रात. 1940 नंतरच्या दशकात दक्षिण कॅरोलिनात धरणामागे अडकलेला बास तेथेच प्रजा वाढवू लागला. जिताड्यास गोड्या तळ्यात ते साधत नाही.

जिताडा पक्का शिकारी. त्यास गळाला लावण्याचे मार्ग दोन. जिवंत कोळंबी गळास टोचून सोडावी, किंवा लाकडाची रंगीत, खोटी मासोळी फेकून ती थबकत थबकत ओढावी. पहिल्या मार्गात मासा आमिष गिळून टाकतो व गळ खोल रुततो. दुसऱ्यात तो बहुधा तोंडाच्या कडेसच अडकतो आणि मासा जिवंत सोडता येतो.

पण सोडावा कशासाठी? जिताडा प्रथम नर असतो. काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. ज्या थोराड माशासह आपण हौसेने छायाचित्र काढवितो, ती बहुधा आई असते. तळ्यातला जिताडा खुशाल खावा. खाडीतला थोराड मात्र परत सोडावा. एरवी तळ्यात सोडावयास पिल्ले आणावयाची कोठून?